देवी काढायला मुलगी पाहिजे

माझ्या पहिल्या आणि शेवटच्या चित्रपटात मी एकूण पावणेदोन मिनिटं आहे. आकडा इतका नेमका सांगता येतो कारण नातवाने मोबाईलवर घड्याळ लावून मोजलं. त्याआधी सगळा जन्म मी घरात, गावात आणि नोकरीत सांगत आले होते की अख्खा चित्रपट माझ्यावरच आहे.

चित्रपट मुका आहे. आरोग्य खात्याने देवीच्या रोगाविरुद्ध प्रचारासाठी काढलेला, आवाज नसलेला. गाडीबरोबर भोंगा घेतलेला एक माणूस यायचा आणि पडद्यावर चाललेलं बोलून सांगायचा. मूकपटांचा जमाना संपून तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती, पण कर्जत-खालापूरच्या खेड्यांना ते कुणी कळवलं नव्हतं. तर त्या हिशेबाने मी मूकपटातली बालतारका. हे शब्द मी स्वतःला स्वतःच लावलेले आहेत. दुसरं कुणी लावीना म्हणून.

हे सगळं आता उकरून काढायचं कारण माझा नातू. रसायनीच्या एका कारखान्यात तो प्रयोगशाळेत आहे. तिथेच औषधांच्या खोक्यांवरची लेबलं तयार करणारी एक मुलगी त्याला आवडली. मुलगी कर्जतची, वडिलांचं रंगाचं आणि खिळ्या-बिजागऱ्यांचं दुकान. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखते, हाताच्या खुणांनी बोलते, आणि घाई असली की मोबाईलवर लिहून दाखवते. नातवाने आठ महिने व्हिडिओ बघून खुणा शिकून घेतल्या. याच नातवाला पाढे शिकवताना माझे केस पांढरे झाले होते.

मुलीने एक अट घातली होती. मुलाकडचे मुलगी बघायला येतात ते ठीक, पण आधी ती घर बघायला येणार. एकटी. घरातली माणसं बघणार आणि मग सांगणार.

"आणि नाही म्हणाली तर?" मी नातवाला विचारलं.

"घराला नाही म्हणाली तर शेलूला वन बीएचके बघू. दोघंच राहू. तिथून मला कारखाना लांब पडेल, पण बघू."

म्हणजे नातवाचं लग्न ठरल्यासारखंच होतं. ठरायचं होतं ते आमचं. मी सत्याहत्तर वर्षांची. या घरात आता मुलगा, सून, नातू आणि मी. नातू गेला की उरलेले तिघं टीव्हीकडे बघत बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला तो घरात हवा होता, आणि तीही हवी होती. एवढा सरळ स्वार्थ मी आयुष्यात फार थोड्या वेळा केला असेल.

सून मनाने वाईट नाही, पण तिला काळजीची हौस आहे. "आई, मुलगी चांगली आहे हो. पण घरात बोलायचं कसं तिच्याशी?"

"तू बोलतेस ते ऐकतं कोण, ते आधी सांग," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात नातवाला इंटरनेटवर माझा चित्रपट सापडला. जुनी रिळं गोळा करून साफ करणाऱ्या कुणीतरी तो चढवला होता. नातू धावत आला. "आजी, ही तू आहेस का बघ." मी चष्मा लावला. नाकात नथ, कपाळावर कुंकवाचा मळवट, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू जगाचा कारभार माझ्याकडेच आहे. मीच होते.

त्या मळवटाची गोष्ट सांगायला हवी.

आताच्या मुलांना 'देवी काढणे' म्हणजे काय ते ठाऊक नाही. देवी म्हणजे तो रोग, आणि देवी काढणे म्हणजे त्याची लस टोचणे. दंडावर एक खरखरीत चकती ठेवून गर्रकन फिरवायची, वर थेंब सोडायचे. पुढे आठ दिवस दंड पेरवाएवढा. पण माझ्या माहेरी, कर्जतच्या बाजूच्या आमच्या खेड्यात, याला नुसतं 'टोचणं' म्हणत आणि टोचणाऱ्या माणसाला 'टोच्या'. टोच्या आला की माझी आजी मला पेंढ्याच्या उडवीत लपवी. 'देवी काढणे' हे शाळेतलं मराठी होतं, आणि शाळेत मी नुकतीच गेले होते.

मास्तर वर्गात म्हणाले, "उद्या सिनेमाची माणसं येणार आहेत. देवी काढायला एक चुणचुणीत मुलगी पाहिजे."

चित्र काढतात. फोटो काढतात. सिनेमा काढतात. तर देवी काढायची म्हणजे देवीचा सिनेमा काढायचा, आणि त्याला मुलगी पाहिजे म्हणजे देवीच्या कामाला पाहिजे, हे सात वर्षांच्या मला इतकं उघड वाटलं की मी मास्तरांना काही विचारलंच नाही. हात वर केला. वर्गात दुसऱ्या कुणाचाही हात वर नव्हता. बाकीच्यांना मराठी येत होतं. मी मात्र समजले की सगळ्यांनी माझ्या रूपापुढे माघार घेतली.

घरी जाऊन सांगितलं, "आये, उद्या मी देवी व्हनार हाय."

आई भात कांडत होती. "व्हय बाय, हो," म्हणाली. तिला वाटलं खेळात.

तिची नथ मी डब्यातून काढली, कपाळावर कुंकवाचा मळवट भरला. पुठ्ठ्याचा मुकुट केला आणि त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली. देवीला दोनच हात शोभत नाहीत म्हणून माझ्याहून लहान दोन चुलत बहिणींना तयार केलं. त्यांनी माझ्या मागे लपून फक्त हात बाहेर काढायचे. एकीच्या हातात विळा, दुसरीच्या हातात लाटणं. सकाळी आम्ही तिघी एकाच देहाने शाळेत गेलो.

शाळेच्या पडवीत टेबल होतं. टेबलामागे टोच्या.

मला वाटतं, माझ्या मागचे चार हात त्याच क्षणी पळाले. विळा खाली पडल्याचा आवाज आला तेवढा आठवतो. त्या दोघींना शाळेच्या मागे पकडलं आणि टोचलं. आज त्या दोघी सत्तरीच्या पुढे जाऊन आजी झाल्यात, पण लग्नकार्यात भेटल्या की पहिला प्रश्न हाच: "काय देवी, हात हवेत का?"

मी पळाले नाही. हे शौर्य नव्हतं. समोर तिपाईवर कॅमेरा होता आणि त्यामागचा माणूस माझ्याकडे बघून खुदकन हसला होता. आपलं रूप पोचलं, असं मला वाटलं. खात्याचे साहेब म्हणाले, मुकुट काढा. मुकुट गेला. नथ आणि मळवट राहिला, कारण मी भोकाड पसरायच्या बेतात होते आणि साहेबांना भोकाड नको होतं.

पहिला दंड टोचला तेव्हा मी काय केलं ते चित्रपटात नाही. ते पडवीतल्या सगळ्यांनी ऐकलं आणि रस्त्यावरच्या बैलांनीही ऐकलं. साहेब वैतागले. त्यांना हसरं मूल हवं होतं, जे बघून खेडोपाडीची मुलं निर्धास्त होतील. मग कॅमेरावाला माझ्यापुढे उकिडवा बसला. रुमालाने माझं नाक पुसलं आणि म्हणाला, "बाळ, अजून एक दंड शिल्लक आहे. आवाज काहीही कर, आवाज कॅमेऱ्याला ऐकू येत नाही. फक्त तोंड कॅमेऱ्याकडे ठेव आणि हस. जमेल?"

आवाज ऐकू येत नाही. एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

दुसरा दंड पुढे झाला. चकती फिरली. मी तोंड कॅमेऱ्याकडे ठेवलं, बत्तीसपैकी जेवढे होते तेवढे दात दाखवून गोड हसले, आणि टोच्याला काहीतरी म्हणाले.

काय म्हणाले, ते पुढे येईल.

महिन्याभराने गाडी चित्रपट घेऊन परत आली. बाजाराच्या मैदानात दोन बांबूंना चादर बांधली. अंधार पडल्यावर चित्र सुरू झालं. मी पडद्यावर आले, हसले, ओठ हलवले, आणि भोंग्यावरचा माणूस बायकी आवाज काढून म्हणाला, "धन्यवाद, डॉक्टरकाका. आता मला देवीची भीती नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई माझ्याकडे वळली. "आसं बोल्लीस तू?"

"तर काय," मी म्हटलं.

तिथून माझं तारकापण सुरू झालं. गाडी कर्जत आणि खालापूरच्या गावागावात फिरली आणि बाजारात लोक मला ओळखू लागले. "ती बघ देवीवाली पोर." मी चालताना मान थोडी कलती ठेवायला लागले, कारण पडद्यावर माझी मान कलती दिसली होती. चुलीपाशी बसायला नकार दिला, धुराने डोळे खराब होतात म्हणून. पाण्याच्या कळशीत तोंड बघून रडायचा सराव करायची. आई म्हणे, "रडतीस तर कांदं तरी चिर." आज ती मुलगी मला रस्त्यात भेटली तर मी तिला दोन टोचण्या जास्तीच्या देईन.

मूकपटातल्या बऱ्याच नटनट्यांचं झालं तेच माझं झालं. बोलपट आला.

मी पंधरा वर्षांची असताना आमच्या बाजूला एका गडाच्या पायथ्याशी खरंखुरं शूटिंग आलं. घोडे, तंबू, तलवारी. मी मान कलती करून पोचले आणि एका माणसाला सांगितलं की मी पूर्वी काम केलेलं आहे. त्याने चेहरा बघितला. मुलगी बरी आहे म्हणाला. एक वाक्य दिलं: महाराज, गडाला वेढा पडला आहे.

मी छाती भरून म्हटलं, "म्हाराज, गडाला येडा पडला हाय."

महाराज घोड्यावरून उतरून हसले. त्या माणसाने मला तीन वेळा म्हणायला लावलं. तिन्ही वेळा गडाला येडाच पडला. शेवटी तो अगदी प्रेमाने म्हणाला, "तोंड बंद ठेवून घागर घेऊन उभी राहशील का?" राहिले. चित्रपट लागला तेव्हा चुलतबहिणींना घेऊन बघायला गेले. घागर दिसली.

घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सुकटीचा वास आला आणि मोठ्या कलावंताचा उपास सुटला.

पुढे मी नर्सचं शिक्षण घेतलं. मुलाखतीला जे साहेब होते त्यांनी चित्रपट पाहिलेला होता. "तीच का तू? धन्यवाद डॉक्टरकाका?" मी मान कलती केली. म्हणजे माझी नोकरीसुद्धा त्या वाक्यावरच लागली. लग्न होऊन खालापूरकडे आले आणि मग पस्तीसेक वर्षं टोचत राहिले. मीच टोच्या झाले. आधी देवी, मग बाकीचं सगळं.

खरं काम डोंगरावरच्या वाड्यांवर होतं. तिथली बोली मला कळत नसे आणि माझं त्यांना. आम्ही आलेल्या दिसलो की वाडी रिकामी. एकदा एक म्हातारी दाराला आडवी बसली होती, आत नातवंडं. मी बोलून बोलून थकले. मग पिशवी खाली ठेवली, बाही वर केली आणि तिच्यासमोर उभी राहून माझाच चित्रपट केला. टोच्या झाले, पोरगी झाले. चकती फिरवली, बोंब मारायचा चेहरा केला पण आवाज काढला नाही. नाक पुसलं. मग कलती मान, हसू. शेवटी दोन्ही दंडांवरचे वण दाखवले. म्हातारीने बोट लावून वण चाचपले. दारातून एक डोकं बाहेर आलं, मग दुसरं. "परत कर," अशी तिने हाताने खूण केली. त्या दिवशी मी पाच खेळ केले आणि सगळी वाडी टोचली. घागर पकडून उभं राहण्यापेक्षा हे काम मोठं होतं, हे कळायला मला आणखी काही वर्षं लागली. तेव्हा फक्त पाय दुखले होते.

प्रत्येक मुलाला टोचताना मी सांगायची, "मी तुझ्याएवढी असताना रडले नाही. हसून म्हटलं, धन्यवाद डॉक्टरकाका." हजारो पोरांना सांगितलं असेल. मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं, नातवाला तर प्रत्येक डोसाला सांगितलं.

आता रविवार.

मुलगी नातवाच्या मोटरसायकलवर आली. उंच, बारीक, जीन्स आणि कुर्ता, डोळे असे की घरात शिरताच सगळं मोजून झालं असावं. पाया पडली. सुनेने पोहे केले होते आणि दुपारला वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या. सगळं व्यवस्थित. आणि सगळं चुकत गेलं.

सून स्वयंपाकघरातूनच विचारत होती, "तिखट चालतं का गं तुला?" ते तिला कसं कळणार. मुलगा बोलायचा पण बशीकडे बघून. आमचे कोच टीव्हीसमोर एका रांगेत, त्यामुळे कुणाचं तोंड कुणाकडे नाही. मी दारात बसले होते, माझ्या मागे उजेड. आणि पुढचे दात गेल्यापासून मला बोलताना तोंडावर पदर धरायची सवय. नवे दात करून घे म्हणून मुलगा तीन वर्षं मागे लागलाय, मी ऐकलेलं नाही. म्हातारपणाचाही एक मेकअप असतो. मुलीला मी म्हणजे एक काळी आकृती आणि तिच्या वरच्या बाजूला कापड, एवढंच दिसत असणार. नंतर तिने तसंच सांगितलं.

नातू एकटा खुणा करत होता. मुलाचं बोलणं हातांनी, सुनेचं हातांनी, माझं हातांनी. त्याचे पोहे बशीतच गार झाले.

मुलीने मोबाईलवर लिहून माझ्या मुलाला दाखवलं. त्याने मोठ्याने वाचलं: "तुमच्याकडे सगळे एकदम बोलतात का?"

"नाही नाही," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

ती हसली, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. ते हसू मी ओळखते. कितीतरी पोरींनी डॉक्टरांना 'आता बरं वाटतंय' सांगताना तसं हसलेलं मी पाहिलंय. नातू पाणी घ्यायला माझ्याजवळून गेला.

"आजी, शेलूचंच बघतो मग," तो हळूच म्हणाला. रागाने नाही. त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मला दुसरं काही सुचलं नाही. सुचलं ते माझ्या स्वभावाला धरून होतं. मी म्हटलं, "माझा सिनेमा लाव टीव्हीवर."

"आई, आत्ता?" सून भाकरीच्या पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"आत्ता."

चित्र सुरू झालं आणि एक गंमत झाली. चित्रपट मुका, त्यामुळे घर गप्प. सून उभी, मुलगा उभा, सगळ्यांचे डोळे एका ठिकाणी. शाळेची पडवी आली, टेबल आलं, मी आले. मी पदराआडून भोंगा सुरू केला. "इथे मी हसते बघ. आणि म्हणते, धन्यवाद डॉक्टर..."

मुलगी हसली. साधं हसणं नाही. तिचा स्वतःचा आवाज, जाड आणि मोकळा, सगळं घर दचकेल असा. तोंडावर हात ठेवून ती वाकली. मग नातवाला बोटाने गोल खूण केली: मागे घे. त्याने चित्र मागे घेतलं. ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. परत तेच हसू, परत ओठ, परत तिचे डोळे ओले. नातवाकडे वळून तिने भराभर खुणा केल्या.

नातवाचे कान लाल झाले.

"काय म्हणते?" सुनेने विचारलं.

"काही नाही."

"एवढे हात हलवले आणि काही नाही?"

"आई, तुला नको सांगायला."

मुलीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मोबाईलवर लिहिलं, उठून माझ्यापाशी आली आणि तो माझ्याच हातात दिला. मोठ्या अक्षरात होतं: "पहिला शब्द मेल्या, किंवा पेल्या, किंवा बेल्या. ओठांवर सारखेच दिसतात. पण डोळे बघून मेल्या. पुढचं मला नक्की येतं. माझी आजी कोंबड्यांना रोज म्हणायची."

कॅमेऱ्याला आवाज ऐकू येत नाही, हे त्या माणसाने मला सांगितलं होतं. पण आवाज ऐकू न येणारी माणसंही एक दिवस बघतील, हे त्याने सांगितलं नव्हतं.

मला सहज नाही म्हणता आलं असतं. म्हातारीच्या शब्दावर कुणी संशय घेत नाही. जुना चित्रपट, अंधुक चित्र, परक्याची मुलगी. सगळ्यांनी माझंच खरं मानलं असतं, आणि ती या घरातल्या पहिल्या तासातच खोटी ठरली असती. सून माझ्याकडे बघत होती, मुलगा बघत होता. नातू जमिनीकडे.

मी दारातून उठले. खिडकीसमोर गेले, तिथे उजेड तोंडावर येतो. तोंडावरचा पदर काढला. तिच्याकडे बघून, एक एक शब्द सुटा करून, दात नसलेल्या तोंडाने म्हटलं:

"मेल्या. मुडदा. बशिवला. तुजा."

मग मुलगी दोन्ही हात वर करून हवेत फिरवायला लागली. "टाळ्या आहेत त्यांच्या," नातू म्हणाला.

"तीस वर्षं," सून म्हणाली. "तीस वर्षं मला धन्यवाद सांगितलंत हो आई. मी माझ्या भाच्यांना सांगितलं. शाळेत भाषणात सांगितलं."

"चांगलंच सांगितलंस. तुझा उच्चार माझ्याहून बरा आहे."

मुलीचं अजून झालं नव्हतं. तिने चित्र पुन्हा मागे घ्यायला लावलं. आता ती माझ्याकडे बघत नव्हती, टोच्याकडे बघत होती. मी शिवी दिल्यावर तो मान वळवून काहीतरी बोलतो. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. पडद्यावर मी असताना दुसऱ्याकडे बघायची मला सवय नव्हती. तिने चार वेळा बघितलं. मग लिहिलं: "तोंड आडवं आहे म्हणून खात्री नाही. 'बसू दे' म्हणतो. नाहीतर 'पुसू दे'."

पुसू दे असणार. दंडावर रक्त आलं होतं, हातात कापूस होता. चांगल्या टोच्याने तेच म्हणायचं असतं, मीही तेच म्हणत आले. पण मुडदा बशिवला म्हणणाऱ्या पोरीला 'बसू दे' म्हणून पुढचं मूल हाती घेणारा माणूस मला जास्त आवडला. मी तिला बोटाने पहिल्या शब्दावर खूण केली. तिने मान हलवली. तिलाही तोच हवा होता.

मग जेवायला बसताना मी घराचा ताबा घेतला. कोच भिंतीपासून ओढायला लावले, गोलात मांडले. मुलाला म्हटलं, "बशीशी नको बोलूस, तोंड कॅमेऱ्याकडे ठेव." सुनेला म्हटलं, "आतून ओरडायचं नाही. बाहेर ये, तोंड दाखव, मग विचार." सून बाहेर आली, मुलीसमोर उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा सावकाश बोलली, "तिखट चालतं?" मुलीने अंगठा आणि तर्जनी जुळवून थोडंसं दाखवलं. सून आत गेली आणि परत बाहेर आली. "आणि बिरडं आवडतं का, ते राहिलंच." असं तिने पाच वेळा केलं. शेवटी मुलगीच उठून स्वयंपाकघरात जाऊन भाकरीच्या परातीसमोर बसली. तेच सोपं होतं.

तरीही तिने हो म्हटलं नव्हतं. विचारायची कुणाची हिंमत नव्हती. निघताना पाया पडली, हेल्मेट घातलं, मोटरसायकलवर मागे बसली. आम्ही तिघं ओट्यावर. नातवाने घाबरून क्लच सोडला, गाडीने जोरात झटका घेतला आणि तिचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटलं. त्याला मागचं काही दिसत नव्हतं. तिने काच वर केली, त्याच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज न करता ओठ हलवले.

मेल्या. किंवा पेल्या, किंवा बेल्या. पण डोळे मी पाहिले.

घरातल्या माणसाला म्हणतात तसं म्हणाली ती. मी सुनेला म्हटलं, "वरची खोली रंगवायला काढ."

"ती काही बोलली का?"

"बोलली."

संध्याकाळी नातवाचा निरोप आला की शेलू रद्द. तोपर्यंत सुनेने वरच्या खोलीतलं अर्धं सामान खाली आणलं होतं.

लग्न दिवाळीनंतर आहे. त्याआधी माझं एक काम होतं, नवे दात करायचं. माझं बोलणं तिला नीट दिसायला हवं, नाहीतर माझ्या गोष्टी फुकट जातील. कर्जतच्या दातांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आधी उरलेली दोन मुळं काढायला लागतील. तीच सोबत आली. डॉक्टर तरुण आहेत, आवाज गोड. हिरडीत सुई घालताना म्हणाले, "आजी, अगदी मुंगी चावल्यासारखं होईल."

मुंगी कसली, विंचू. मी खुर्चीचे हात धरले. समोरच्या स्टुलावर ती बसली होती, डोळे माझ्या तोंडावर. सुई निघताच मी तोंड तिच्याकडे ठेवलं, गोड हसले, आणि ओठ हलवले.

ती स्टुलावरून पडायची राहिली.

"काय म्हणालात, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"धन्यवाद," मी म्हटलं.